वऱ्हाडातला अर्धा र

नागपुरात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते, त्या काकूंना घेऊन कोणाच्या घरी भेटायला जायचं म्हणजे जिवाला घोर असायचा. एकदा आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ गेले. आम्ही दोघी तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसलो. जमलेल्यांपैकी कोणीतरी हात जोडून म्हणालं, "देवमाणूस होते. आयुष्यात कोणाला उलटून बोलले नाहीत."

काकूंनी मान वर केली आणि अगदी मनापासून, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "हे तुम्ही पाहिलेलं, की ऐकलेलं?"

मी काकूंचा पदर ओढला. गेलेल्यांच्या बायकोने मात्र डोळे पुसले, काकूंकडे पाहिलं आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "ऐकलेलंच असन वं बाई. म्या तं काही पाह्यलं नाही."

हा प्रश्न काकू सगळ्यांनाच विचारत. संत्री काटोलची आहेत म्हणणाऱ्या हातगाडीवाल्याला, पुढचा रस्ता बंद आहे म्हणणाऱ्या ऑटोवाल्याला, आणि मी ज्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते तिथल्या मोठ्या डॉक्टरांनासुद्धा. त्यात खवचटपणा अजिबात नसायचा, म्हणून तर माणसं जास्त गोंधळायची. उत्तर काहीही आलं तरी काकू खूश. "ऐकलं" म्हटलं तर लगेच, "कोणाकडून?"

रामदासपेठेत त्यांचं दुमजली घर होतं. वरची खोली माझी. खाली त्या एकट्या. मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. जेवणाच्या टेबलावर जेवण कधी नसायचंच; एका टोकाला त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. लॅपटॉपसमोर बसायचं झालं की त्या खुंटीवरचा प्रयोगशाळेतला पांढरा ॲप्रन अंगात घालत, बाह्यांची बटणं लावत आणि मगच झाकण उघडत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाई घरी रक्त-लघवी तपासतात की काय.

तपासायच्या त्या दुवे. इंटरनेटवर एक खुला मराठी ज्ञानकोश आहे, कोणीही त्यात लिहावं, कोणीही दुरुस्त करावं असा. तिथे प्रत्येक विधानापुढे एक बारीक आकडा असतो. आकडा दाबला की पानाच्या तळाशी जायचं. तिथे ती माहिती कुठून घेतली त्या पुस्तकाचं नाहीतर वर्तमानपत्राचं नाव, आणि निळ्या अक्षरात दुवा. दुवा दाबला की मूळ पान उघडलं पाहिजे. पुष्कळदा ते उघडत नाही. कोणी पत्त्याला पूर्णविराम चिकटवलेला असतो, कोणी शीर्षकातच चौकटी कंस घालून ठेवतो आणि यंत्राला वाटतं दुवा इथेच संपला, मग उरलेली शेपटी बाहेर लोंबत राहते. काकू त्या ज्ञानकोशात स्वतःची एक ओळही लिहीत नसत. त्या फक्त हे न उघडणारे दुवे उघडून देत. लिहिणारी मंडळी कुठून कुठून फोन करायची.

"मॅडम, लिंक तुटली."

"तुटली हे निदान झालं. मले लक्षण सांग. डोळ्यांनी काय दिसून राह्यलं?"

"लाल अक्षरं."

"काय लिहिलंय त्यात? वाच. पूर्ण वाच."

हे असं तासभर चालायचं. समोरच्या घरातल्या गुप्ता वहिनींनी खिडकीतून "दुवा लागला", "दुवा लागला नाही", "आता पाहा, तुमचा दुवा लागेल" हे रोज ऐकलं आणि त्यांचा भलताच समज झाला. मुलाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या त्याला घेऊन नारळासकट दारात हजर. "आँटीजी, इसके लिए भी एक दुआ कर दो." काकूंनी पोराला विचारलं, अभ्यास केला का. तो म्हणाला, केला. "हे मी पाहिलं नाही," असं म्हणून त्यांनी नारळ ठेवून घेतला.

एकदा मी विचारलं, "काकू, काहून करता हे? ना ओळख ना पाळख, लोकांचे दुवे."

त्या जरा विचारात पडल्या. त्यांना हा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा. "निळं दिसलं की मले दाबाव वाटते," त्या म्हणाल्या. "मागं काय आहे ते पाहाव वाटते. आन् दाबलं, आन् उघडलं नाही, तं मंग मी जेवन कशी?"

त्यांचा धाकटा भाऊ लकडगंजात साड्यांचा ठोक व्यापार करायचा. जाडसर, गोरा, कायम घाईत आणि कायम प्रेमळ माणूस. आला की माझ्यासाठीही बर्फीचा डबा आणायचा. मूळ घर उमरेडचं, विणकरांचं. वडील हातमागावर साड्या विणायचे; या दोघांनी कधी माग चालवला नाही. काकू शिकायला लहानपणीच नागपूरला वसतिगृहात आल्या, भाऊ दुकानात लागला. तर या भावाने वडिलांच्या काळचा एक काठ पुन्हा विणून घ्यायला सुरुवात केली होती. चिमणपंजा काठ. साडीच्या कडेने चिमणी चालत गेल्यासारखी पावलं. साड्या खपू लागल्या. मग त्याने दुकानावर नवा फलक लावला, 'चिमणपंजा काठाच्या मूळ निर्मात्यांचे वारस', आणि प्रत्येक साडीला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर काळी-पांढरी चौकट. मोबाइल धरला की ज्ञानकोशातलं 'चिमणपंजा' हे पान उघडायचं. पानावर लिहिलेलं होतं की हा काठ प्रथम विणला तो त्यांच्या वडिलांनी. पुढे बारीक आकडा. ते पान त्याने स्वतःच लिहिलं होतं, पण बहिणीला सांगितलं नव्हतं. तो तिला ओळखून होता.

एके दिवशी सकाळी तो धापा टाकत आला. ज्ञानकोशात 'टिटवी' या नावाने काम करणारं कोणीतरी होतं. बाई की बुवा, म्हातारं की तरुण, कोणालाच माहीत नव्हतं. त्या टिटवीने पानाच्या डोक्यावर पाटी लावली होती : दिलेला संदर्भ उघडत नाही; दुरुस्त न झाल्यास निर्मात्याबद्दलचं विधान काढण्यात येईल.

"ताई, दिवाळीचा माल जाऊन राह्यला. लोक मोबाइल लावतीन आन् बाबांचं नावच नाही दिसणार."

काकूंनी ॲप्रन चढवला. "हा पत्ता तुले कुठं भेटला?"

"व्हॉट्सॲपवर. बाबांची मुलाखत छापून आली होती एका साप्ताहिकात. ते साप्ताहिक तं कवाचंच बंद पडलं. कोणीतरी जुने अंक नेटवर टाकले, त्याचा फोटो आला. वरतं पत्ता दिसत होता, तो म्या पाहून पाहून टाइप केला. एक एक अक्षर."

त्याने मोबाइलवरचा तो फोटो दाखवला. पिवळट छापील पानाचा वरचा अर्धा भाग. वडिलांचा मागावर बसलेला धूसर फोटो, 'चिमणपंजाचे उस्ताद' असं मथळ्यात, आणि खाली मुलाखत सुरू. शेवटची दिसणारी ओळ त्यांच्याच बोलीत होती : 'लोक मले म्हणतात, चिमणपंजा तुम्ही काढला.' तिथे फोटो संपत होता.

"पुढं?" काकू म्हणाल्या.

"पुढं काय पाहिजे? हे पुरे नाही का?"

काकूंचे डोळे चमकले होते. वडिलांची मुलाखत छापून आली होती हे त्यांना त्या दिवशीच कळलं.

तो पत्ता काही केल्या उघडेना. शीर्षकातला एक जास्तीचा कंस त्यांनी काढला. दुवा निळा झाला, पण दाबला की 'पान सापडले नाही'. त्यांनी पत्ता फोटोशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. मलाही पाहायला लावला. सगळं जसंच्या तसं. पत्त्यातच साप्ताहिकाचं मराठी नाव होतं, त्यात 'वऱ्हाड'; तेही जसंच्या तसं. रोज दवाखान्यातून आले की मी विचारायचे, "लागला?" आणि काकू, चिडलेल्या नव्हे तर हरखलेल्या, मान हलवायच्या. "नाही ना वं. दिसते सारखं आन् वागते वेगळं. असा एक जंतू होता आमच्याकडं."

एका रविवारी दुपारी त्यांनी वरच्या मजल्याकडे हाक मारली. "खाली ये. काम आहे. तुह्या मोबाइलवर 'वऱ्हाड' लिह."

मी लिहिलं. त्यांनी तो शब्द मागवून घेतला आणि लॅपटॉपवर भावाच्या शब्दाखाली ठेवला. दोन्ही शब्द हुबेहूब. मग त्या माझा शब्द शेवटाकडून पुसत आल्या. ड गेला, काना गेला, ह गेला. तसाच भावाचा शब्द पुसत आल्या. ड, काना, ह. पुसायचं बटण आणखी एकदा दाबलं आणि अक्षर काही गेलं नाही. तो पापणीसारखा अर्धा र नुसता तोंड बदलून, पाय मोडका होऊन बसला.

"दिसलं?" काकू कुजबुजल्या. घरात आम्ही दोघीच होतो, तरी कुजबुजल्या.

मला तेव्हा कळलं ते असं : वऱ्हाडातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत र आणि ह यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं, दुसरीत नसतं. कागदावर, डोळ्याला, दोन्ही एकच. यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं. भावाच्या कीबोर्डने एक लिहिलं होतं आणि जुने अंक चढवणाऱ्याच्या कीबोर्डने दुसरं.

"आपल्याच मुलखाचं नाव," काकू म्हणाल्या, "आन् आपल्यालेच धड ओळखू येत नाही." त्यांनी पत्त्यातला शब्द पुसला, माझा शब्द तिथे ठेवला आणि दाबला.

पान उघडलं. पूर्ण पान. वरून खाली सरकत त्या 'चिमणपंजा तुम्ही काढला' या ओळीपर्यंत आल्या आणि पुढे वाचू लागल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

'लोक मले म्हणतात, चिमणपंजा तुम्ही काढला. म्या नाही काढला. आमच्या शेजारी एक बाई होती. आमच्या घरी कांड्यायवर सूत भराले यायची. दुपारी आम्ही माणसं झोपलो का ती मागावर बसे. तिनं काढला. म्या पाहून शिकलो. हे लिहा तुम्ही.'

काकूंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा फक्त शेवटची तीन शब्दांची ओळ बोट ठेवून वाचली : हे लिहा तुम्ही. त्यांनी भावाला फोन लावला. "दुवा उघडला. ये."

तो बर्फी घेऊनच आला. दोन ओळी वाचल्या आणि डबा टेबलावर ठेवायचाही विसरला.

"ताई, कोणाकोणाले दाखवलं?"

"कोणालेच नाही. सगळ्यायले उघडं आहे ते आता."

"मंग बंद कर. आधी होतं तसं कर. त्या टिटवीले काय समजते? विधान गेलं तं गेलं, पण हे नको. फलक लावला ना वं मी. गावभर सांगितलं."

"मोठ्यानं वाच," काकू म्हणाल्या.

"काय?"

"बाबांनी काय सांगितलं ते मोठ्यानं वाच. मले ऐकाचं आहे. मी वसतिगृहात होती. बाबांचं बोलणं तुह्याच कानात जास्त आहे."

तो वाचायला लागला तो रागात. पण त्या ओळी त्याच्याच बोलीतल्या होत्या, आणि बापाचा हेल त्याच्या तोंडात आपोआप येत गेला. 'म्या नाही काढला' म्हणताना त्याने मान जशी झटकली, ती पाहून काकू चटकन त्याच्याकडे वळल्या; ती मान कोणाची होती ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. 'हे लिहा तुम्ही' पर्यंत आला तेव्हा हातातला डबा त्याने टेबलावर ठेवला. मग त्याने विचारलं ते एवढंच :

"कोण होती वं ही?"

"मले काय माहीत," काकू म्हणाल्या. पण त्या खुर्चीच्या टोकाला सरकून बसल्या होत्या.

त्याच दिवशी त्यांनी ज्ञानकोशातलं ते विधान बदललं. वडिलांचं नाव निर्माता म्हणून होतं ते काढलं. 'शेजारच्या एका विणकर स्त्रीने' असं लिहिलं. मी पाहिलेली त्यांनी स्वतः लिहिलेली ती पहिली ओळ. टिटवीने पाटी उतरवली.

पुढच्या रविवारी भावाच्या गाडीतून आम्ही तिघं उमरेडला गेलो. जुनी गल्ली बरीचशी सिमेंटची झालेली. एका ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. दात नव्हते, नजर मात्र पक्की. भावाला पाहून त्यांनी बापाचं नाव बरोबर घेतलं. काकूंनी विचारलं, दुपारी मागावर बसणारी बाई आठवते का.

"पार्बता," आजी म्हणाल्या. जराही न थांबता.

"हे तुम्ही पाह्यलं, का ऐकलं?"

मी डोळे मिटले. पण आजींना त्या प्रश्नाचं काहीच वाटलं नाही.

"पाह्यलं ना वं. लहान पोरगी होती मी तवा, मीच तं दारात उभी राहून पहारा देत होती. कोणी आलं का खोकलाचं, असं ठरलं होतं. बाईनं मागावर बसलं तं माणसं बोलत. तुह्या बापानं एक डाव पाह्यलं. म्या खोकलीच नाही, मले झोप लागली होती. मले वाटलं आता मारते. तो गपचूप उभा राह्यला दारात. लय वेळ. मंग आल्या पावली वापस गेला. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी रोज बाहेरच जाऊन झोपे, पिंपळाखाली."

पार्बताबाईंचं पुढे काय झालं? नवरा नव्हता. एक लेक होती, ती पवनीकडे दिली होती. म्हातारपणी पार्बता लेकीकडे गेली. आजींना एवढंच ठाऊक होतं. परत येताना गाडीत काकू मागच्या सीटवर स्वतःशी बोलत होत्या. "पिंपळाखाली. उन्हाळ्यात पण? उन्हाळ्यात कसा झोपत असन?"

घरी येताच त्यांनी पानावर 'पार्बताबाई' लिहिलं. संध्याकाळच्या आत टिटवीने ते काढलं, अगदी नम्रपणे : तोंडी माहिती संदर्भ म्हणून चालत नाही, छापील आधार असल्यास द्यावा. भाऊ फोनवर तणतणला. मीही म्हटलं, मी एखाद्या पेपरात लेख लिहिते, मग त्याचा संदर्भ द्या. काकूंनी मलाच विचारलं, "तुह्या लेखाचा आधार काय? मीच ना? मंग तो आधार झाला का? टिटवीचं बरोबर आहे." आणि तरी त्या अस्वस्थपणे घरभर फिरत राहिल्या. त्यांना नाव माहीत होतं आणि लिहिता येत नव्हतं. इतकी वर्षं ज्या नियमासाठी दुसऱ्यांचे दुवे दुरुस्त केले, त्यानेच त्यांना अडवलं होतं आणि त्यांना तो नियम मान्य होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

सकाळी त्यांना सुचलं. ज्ञानकोशातल्या प्रत्येक पानामागे एक चर्चेचं पान असतं. तिथे छापील आधार लागत नाही. माणसांनी एकमेकांशी बोलायचं असतं. काकूंनी तिथे सगळं लिहिलं. कोणत्या गल्लीत, कोणी, काय सांगितलं. त्यातलं पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं. खोकल्याची गोष्ट लिहिली, झोप लागल्याचीही. खाली टिटवीचं उत्तर आलं : 'वाचलं. मग त्या मुलीला कोणी रागावलं का?' काकू दिवसभर ते उत्तर मला, भावाला, गुप्ता वहिनींना वाचून दाखवत होत्या.

भावाने फलकावरची 'मूळ निर्मात्यांचे वारस' ही अक्षरं रंगवून टाकली. मला वाटलं होतं तो चिठ्ठ्याही काढेल. काढल्या नाहीत. गिऱ्हाईक मोबाइल लावायचं, पान वाचायचं, त्यातलं एखादं चर्चेच्या पानावरही पोचायचं. हळूहळू तिथे लोक लिहू लागले. कोणाची मावशी उमरेडची होती, कोणी कुठे कांड्या भरल्या होत्या. लेख दीड परिच्छेदाचाच राहिला आणि त्याच्या मागचं पान वाढत गेलं.

माझी नागपूरची नोकरी संपत आली होती तेव्हा तिथे एक मजकूर आला. सही नव्हती. 'मी पवनीला राहते. ही माझ्या आईची आई असावी. आम्ही तिला पारूआजी म्हणत होतो. ती आमच्याकडे कधी मागावर बसली नाही, माग नव्हताच. पण तिने शिवलेलं दुपटं घरात आहे, त्याच्या काठाला चिमणीचे पाय आहेत. फोटो इथे कसा टाकतात मला जमत नाही.'

काकू फोटो कसा चढवायचा ते समजावून लिहायला बसल्या, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, फोटो काहून? चाल ना पवनीले."

घर शोधायला थोडा वेळ लागला. चाळिशीतली बाई, अंगणवाडीत काम करणारी. आम्ही कोण ते कळल्यावर तिने खाट अंगणात ओढली आणि दुपटं आणून उन्हात पसरलं. विटलेल्या लुगड्यांच्या तुकड्यांचं, वापरून मऊ झालेलं. चारही कडांनी बारीक टाक्यांची पावलं चालत गेली होती. काकू पार वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून पाहत होत्या. एका कोपऱ्यात पावलं मागे वळली होती, ती त्यांनी मला बोलावून दाखवली.

"हे काय असते जी?" त्या बाईने विचारलं. "आजीले विचारलं तं नुसती हसे."

भावाने पिशवीतून नवी साडी काढली. घडी मोडली आणि तिचा काठ दुपट्याच्या काठाला लावून खाटेवर अंथरला. मग तो बाजूला सरला, तिला नीट दिसावं म्हणून.

"हे तुमच्या आजीचं आहे," तो म्हणाला. "आमच्या बाबांनी सांगितलं आहे."